मोडी शिकायला अंकी अ‍ॅप: भरपूर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

पहिल्यांदा एक गोष्ट क्लिअर करते, अंकी हे नोट्स ठेवायचं अ‍ॅप नाहीये. खूप जण "नोट्ससाठी बेस्ट अ‍ॅप कुठलं" असं शोधत शोधत इथे येतात, इन्स्टॉल करतात, ती बघवत नाही अशी स्क्रीन दिसते आणि अनइन्स्टॉल करून परत वहीकडे जातात. त्यांचं चुकत नाही. नोट्स लिहायच्या, शोधायच्या, एकमेकींना जोडायच्या तर त्यासाठी ऑब्सिडियन आहे, गूगल कीप आहे, नाहीतर साधी दोनशे पानी वही आहेच. अंकी त्यातलं काहीच करत नाही. ते फक्त आपणच घातलेले प्रश्न विचारतं. आज विचारतं, चार दिवसांनी विचारतं, मग पंधरा दिवसांनी, मग दीड महिन्याने, आणि आपण विसरलो की परत पहिल्यापासून सुरू. एवढंच काम, पण ते काम दुसरं कोणी करत नाही, वही तर नाहीच नाही. वही कपाटात गप्प बसते.

मी मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, शिकतेय, त्यामुळे हा रिव्ह्यू मोडीच्या बाजूने आहे. एमपीएससीवाल्यांनी किंवा नीटवाल्यांनी वाचला तरी चालेल पण उदाहरणं सगळी कागदपत्रांचीच येणार. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा मोडी वाचणारी माणसं किती कमी आहेत ते सगळ्या महाराष्ट्राला कळलं, आणि तेव्हापासून मोडीच्या वर्गांना गर्दी वाढली. त्या गर्दीतलीच मी एक समजा. वर्गात जे होतं ते सगळ्यांचं सारखंच होतं, मुळाक्षरं आठवड्याभरात येतात, बाराखडी गिरवून होते, सगळे खूश, आणि मग समोर खरा पेशवेकालीन कागद येतो आणि त्यातलं एक अक्षर ओळखू येत नाही राव. सगळं एका दमात लिहिलेलं, आधी आडवी रेघ मारून घेतलेली आणि मग हात न उचलता खाली अक्षरं, दोन शब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, इकार उकार ऱ्हस्व की दीर्घ हा फरकच नाही, र तर शेजारी कोण बसलाय ते बघून रूप बदलतो. त्यात परत शिवकालीन वळण वेगळं, चिटणीसी वेगळं, इंग्रजी अमलातलं अजून वेगळं.

पण खरं सांगायचं तर अक्षरं हा मोडीचा अर्धाच त्रास आहे. उरलेला अर्धा त्रास पाठांतराचा आहे आणि अंकी तिथे अक्षरशः पैसे वसूल करतं (फुकट असून). कागदावरची तारीख घ्या. "सु॥ इहिदे सितैन मया व अलफ" असं लिहिलेलं असतं. हा शुहूर सन, आकडे अरबी शब्दांत, आधी एकक मग दशक मग शतक मग हजार. इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, झाले ११६१. यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर ६००. म्हणजे जानेवारीतला कागद असेल तर १७६१, पानिपतचं साल. कळलं की अंगावर काटा येतो हो, पण कळण्याआधी ते शब्द पाठ पाहिजेत ना. आणि ते शब्द म्हणजे एकमेकांचे जुळे भाऊ. सलास ३, सलासीन ३०. सीत ६, सितैन ६०. समान ८, समानीन ८०. सबा ७, सबैन ७०, आणि हे कमी पडलं म्हणून साबान हा महिना! वहीत यांचा तक्ता करून भिंतीवर चिकटवला तरी कागद वाचताना मान वर करून बघावंच लागतं, कारण तक्ता डोळ्यांना पाठ होतो, "वरून सातवा" असा, शब्द म्हणून पाठ होत नाही. अंकी त्यांना उलटसुलट क्रमाने विचारतं आणि तिथे आपलं पितळ उघडं पडतं.

आता अ‍ॅपबद्दल थोडी माहिती. डेमियन एल्म्स नावाच्या डेव्हलपरने २००६ मध्ये हे बनवलं, जपानी शिकताना स्वतःला हवं होतं म्हणून. ओपन सोर्स आहे. विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे फुकट, अँड्रॉइडवर अंकीड्रॉइड फुकट (ते वेगळे स्वयंसेवक चालवतात), आणि अंकीवेबवर अकाउंट काढलं की फोन आणि कॉम्प्युटर सिंक होतात, तेही फुकट. आयफोनचं मात्र विकत घ्यावं लागतं, २४.९९ डॉलर, एकदाच. त्याच पैशातून बाकीचं सगळं चालतं असं ते सांगतात, मला ते पटतं, पण विद्यार्थ्याला ही रक्कम कमी नाही हेही खरंच. कार्ड (पुढे प्रश्न, मागे उत्तर) कधी परत दाखवायचं हे ठरवायला आतमध्ये पूर्वी एसएम-२ नावाचं गणित होतं, पोलंडच्या पिओत्र वोझनियाकचं, १९८७ सालचं, आणि २०२३ च्या शेवटी आलेल्या २३.१० व्हर्जनपासून एफएसआरएस नावाचं नवीन गणित पण आत आलंय. ते डेकच्या (म्हणजे कार्डांच्या गठ्ठ्याच्या) ऑप्शनमध्ये जाऊन चालू करावं लागतं. करा चालू. तिथे "आपल्याला किती टक्के आठवायला पाहिजे" असा आकडा असतो, तो ९० टक्के असतो, तोच राहू द्या, ९७ वगैरे करायची हौस करू नका कारण वरच्या एकेका टक्क्यासाठी रिव्हिजन बेफाम वाढते.

कार्ड आलं की उत्तर मनात म्हणायचं, मग उघडायचं, मग चार बटणं: परत, अवघड, ठीक, सोपं. इथे एक फार कॉमन गोंधळ आहे तो आधीच सांगते. आठवलं नाही तरी लोक "अवघड" दाबतात, कारण "परत" दाबायला जीवावर येतं. अंकीच्या हिशोबात "अवघड" म्हणजे आठवलं, पण कष्टाने. म्हणजे न आठवता "अवघड" दाबलं की अ‍ॅपला वाटतं बाईला येतंय, आणि ते कार्ड आणखी लांब टाकतं. मी तर सरळ दोनच बटणं वापरते, परत आणि ठीक. निर्णय कमी, वेग जास्त.

आता मुख्य मुद्दा, कार्ड कशी बनवायची. याच्यावर सगळं अवलंबून आहे आणि अ‍ॅप याबाबतीत तुम्हाला काडीची मदत करत नाही. रिकामी खिडकी देतं, पुढे आणि मागे असे दोन रकाने, भरा काय भरायचं ते. नवीन माणूस काय करतो, सरांच्या नोट्सचं आख्खं पान मागच्या बाजूला पेस्ट करतो आणि पुढे लिहितो "कालगणना". झालं, हे कार्ड मेलं. कारण ते समोर आलं की "हो हो येतं मला" म्हणून पुढे जाणार, नाहीतर पाच मिनिटं वाचत बसणार. एका कार्डात एकच गोष्ट पाहिजे, इतकी छोटी की उत्तर तीन सेकंदांत येतं किंवा येत नाही, मधलं काही नाही. "तिसैन?" "९०." संपलं. "फसली सनात किती मिळवायचे?" "५९० किंवा ५९१." संपलं (फसली म्हणजे महसुलाचं वर्ष). १२ मुसलमानी महिने एका कार्डात नाही घालायचे, "रजबच्या नंतर कोण?" "साबान." असं एकेक. "मौ॥" म्हणजे मौजे, "रा॥" राजश्री, तारखेच्या आधी "छ" आला की चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. मापं पण अशीच, २० काठ्यांचा एक पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर. आणि आकड्यापुढची उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा अर्धा, तीन पाऊण. हे सगळं मिळून काहीशे कार्डं होतात फक्त, आणि एवढ्यात मोडी कागदाची निम्मी भीती जाते.

जुळ्या भावांसाठी एक युक्ती काम करते. समान आणि समानीन ही कार्डं एकाच दिवशी नवीन म्हणून नाही शिकायची. एक आधी पक्कं होऊ द्या, आठवडाभराने दुसरं घाला. आणि दोन्ही आली की मग तिसरं कार्ड, "समान की समानीन, ८० कोण?" नाहीतर दोन्ही एकमेकांच्या पायात पाय घालतात. एखादं कार्ड पक्कं झाल्यावर पुन्हा पुन्हा विसरायला लागलं, तब्बल आठ वेळा विसरलं, की अ‍ॅप स्वतःच त्यावर लीच असा टॅग लावतं. असा टॅग दिसला की ते कार्ड घोकायचं नाही, मोडून नवीन बनवायचं. बहुतेक वेळा दोष डोक्याचा नसतो, प्रश्नाचा असतो.

अक्षरांच्या बाबतीत मात्र गंमत आहे, आणि इथे मोडी शिकणाऱ्यांनी जरा नीट वाचा. मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली, नोटो सान्स मोडी हा फॉन्ट फुकट मिळतो, आणि अंकीत हवा तो फॉन्ट बसवता येतो (फाइलच्या नावाआधी अंडरस्कोअर लावून मीडिया फोल्डरमध्ये टाकायची आणि कार्डाच्या स्टायलिंगमध्ये दोन ओळी लिहायच्या, एकदाच करायचं काम, जमतं). सगळ्यांना वाटतं वा, आता मुळाक्षरांचा डेक तयार. होतो तयार, आणि लवकर पाठही होतो, आणि खऱ्या कागदावर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. फॉन्टमधलं अक्षर स्वच्छ, एकटं, सुटं बसलेलं असतं. कागदातलं अक्षर मागच्याने ओढलेलं आणि पुढच्याने ढकललेलं असतं. म्हणून फॉन्टवाला डेक पहिल्या पंधरा दिवसांपुरता ठीक, नंतर खऱ्या कागदांचे फोटो घेऊन त्यातले तुकडे कापून कार्डं बनवायची. एकटं अक्षर नाही, शब्द, किंवा निदान अक्षर आणि त्याचे दोन शेजारी. विशेषतः काना लागलेली अक्षरं, कारण काना लागला की कित्येक अक्षरांचा चेहराच बदलतो.

फोटोच्या कार्डातही एक चोरवाट आहे. काही दिवसांनी आपण अक्षर ओळखत नसतो, फोटो ओळखत असतो. "तो डावीकडे शाईचा डाग असलेला ना, तो देशमुख." अ‍ॅपला काय कळणार, ते खूश होऊन कार्ड तीन महिने लांब टाकतं, आणि दुसऱ्या कागदात तोच देशमुख समोर आला की आपण त्याला ओळख दाखवत नाही. म्हणून फोटो अगदी शब्दाच्या कडेला घासून कापायचा, काळापांढरा करायचा, कागदाचा रंग, वाळवीची भोकं सगळं जाऊ द्यायचं, आणि एकाच शब्दाचे तीन चार वेगवेगळ्या हातांचे नमुने घ्यायचे. वेळ जातो. खूप जातो. पण हे कापाकापीचं कामच खरा अभ्यास आहे असं माझं मत झालंय, कारण शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ठरवल्याशिवाय कात्री चालवताच येत नाही आणि मोडीत नेमकं तेच अवघड आहे. (अभिलेखागारात किंवा कुणाच्या घरच्या दप्तराचे फोटो काढताना परवानगी विचारा प्लीज, नियम असतात.)

कॉम्प्युटरवरच्या अंकीत इमेज ऑक्लूजन म्हणून एक सोय आहे, आता आतच येते, पूर्वी वेगळी बसवावी लागायची. आख्ख्या पानाचा फोटो टाकायचा, त्यावर चौकोन ओढून काही भाग झाकायचे, एकेका चौकोनाचं एकेक कार्ड आपोआप होतं. मेडिकलवाले हे हाडांच्या चित्रांसाठी वापरतात. आपल्याला पत्राचा मायना शिकायला याच्याइतकं भारी काही नाही, वर श्री कुठे, मग राजश्री, मग गोसावी यांसी, खाली मिती (तारीख) आणि मोर्तब (शेवटचा शिक्का), कुठल्या जागी काय येतं हे डोक्यात बसतं. आणि जागेवरून अंदाज बांधता आला की अर्धवट दिसणारा शब्दही लागतो.

आमच्या वर्गात एक निवृत्त काका आहेत. त्यांना हे सगळं दाखवलं तर म्हणाले, "ताई, रोज एक कागद वाचा आणि एक पान गिरवा, अ‍ॅप कशाला पाहिजे?" त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण एक तर ते माझ्यापेक्षा जास्त वेगाने वाचतात आणि दुसरं म्हणजे गिरवण्याबद्दल त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. मोडीचा वळसा हातातून गेला नाही तर डोळ्याला कळत नाही, आणि अंकी हात चालवत नाही. मी काही कार्डांवर "लिहून दाखव" एवढाच प्रश्न ठेवलाय, शेजारी पाटी घेऊन बसते, पण ते आपलं आपण करायचं, अ‍ॅप त्यात नाही. आणि वाचनाचंही तसंच, कार्डं कितीही केली तरी सलग कागद वाचायची सवय कार्डातून लागत नाही. फक्त काकांकडे दुपार मोकळी असते आणि माझ्याकडे कुकरची शिट्टी होईपर्यंतची वीस मिनिटं असतात, त्या वीस मिनिटांत कागद उलगडून बसता येत नाही, पण पन्नास साठ कार्डं आरामात होतात. आणि हेच काका परवा सलासीनला अडले होते, हे मी इथे हळूच लिहून ठेवते.

तक्रारी. दिसायला हे अ‍ॅप जुन्या सरकारी वेबसाइटसारखं आहे आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही असं दिसतं. सेटिंग्जमध्ये शिरलात तर बाहेर यायला वेळ लागेल, नवीन माणसाने तिथे फक्त दोन गोष्टी कराव्यात, एफएसआरएस चालू आणि रोजची नवीन कार्डं कमी. सुरुवातीला आकडा २० चा असतो, तो मला नोकरी घर सांभाळणाऱ्यांसाठी जास्तच वाटतो, कारण आजची २० उद्या परत येतात, परवाची त्यात मिळतात, असं करत काही आठवड्यांत रोजची रिव्हिजन शंभराच्या पुढे सहज जाते. पाच ठेवा. फार तर आठ. आणि सुट्टी हा प्रकार या अ‍ॅपला कळत नाही, गणपतीत गावाला गेलात आणि उघडलं नाही तर आल्यावर डोंगर उभा असतो. तो एका बसण्यात संपवायचा नाही, रोजची मर्यादा लावून हळूहळू उतरवायचा, नाहीतर तिथेच लोक सोडून देतात. अ‍ॅप सोडायचं सगळ्यात मोठं कारण हेच असावं.

मराठी टायपिंगचं काय, तर देवनागरी व्यवस्थित चालतं, शोधता पण येतं. उत्तर टाइप करून तपासायची सोय आहे पण मराठीसाठी ती मी वापरत नाही, ऱ्हस्व दीर्घावरून लाल करतं, आणि ज्या लिपीत ऱ्हस्व दीर्घच नाही ती शिकताना हा विनोद नको. फोनवर मराठी आवाज बसवलेला असेल तर कार्ड वाचून दाखवायलाही लावता येतं, आजोबा आजींना बरं पडेल.

बाकीच्यांचे तयार डेक मिळतात, अंकीवेबवर ढिगाने आहेत, राजधान्यांचे, इंग्रजी शब्दांचे. तसल्या गोष्टींना चालतात. मोडीसाठी दुसऱ्याचा डेक घ्यायचा असेल तर फक्त तो अरबी आकड्यांचा आणि महिन्यांचा घ्या, फोटोंचा नको, कारण तो कापताना जे डोक्यात गेलं ते त्याच्या डोक्यात गेलं, तुमच्या नाही.

आणि नोट्सचं म्हणाल तर त्या मी ऑब्सिडियनमध्येच ठेवते. प्रत्येक कागदाची एक नोट, त्यात लिप्यंतर, न लागलेले शब्द, कुठल्या गावचा, कोणाचा हात वाटतो ते, आणि गावांच्या नावांना लिंक. साध्या टेक्स्ट फाइल असतात, आपल्याच फोल्डरमध्ये राहतात, अ‍ॅप उद्या बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडतील. त्यातून अंकीत काय न्यायचं याचा माझा नियम असा, की जो शब्द दोन वेगळ्या कागदांत आडवा आला तोच कार्ड होणार. एकदाच भेटलेला शब्द नोटमध्ये राहू दे, लागला तर शोधू. हा नियम नसेल तर अंकी कचराकुंडी होते, कारण घालायला काहीच लागत नाही, आणि फेडायला मात्र रोज लागतं.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेचार, अर्धा त्या स्क्रीनचा कापला. आयफोनवाल्यांनी लगेच पैसे भरू नका, आधी कॉम्प्युटरवर फुकटचं वापरा आणि फोनच्या ब्राउझरमध्ये अंकीवेब उघडून रिव्हिजन करा, महिनाभर टिकलात तर मग घ्या. आणि डाउनलोड करताना नीट बघा, अ‍ॅप स्टोअरवर त्याच नावाला काहीतरी शेपूट लावलेली बरीच अ‍ॅप आहेत ज्यांचा याच्याशी संबंध नाही आणि जी दर महिन्याला पैसे मागतात. अँड्रॉइडवर अंकीड्रॉइड, आयफोनवर अंकीमोबाइल, बाकी सगळी सोडून द्या. शुहूरच्या आकड्यांचा डेक कोणाला हवा असेल तर खाली सांगा, फाइल पाठवते, महिने पण त्यातच आहेत.